घराण्याचे पाय

३ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. इकडे सगळे ठीक आहेत. ह्यांच्या दुकानात घड्याळं दुरुस्तीला येतात तशीच येताहेत, लेकीचं लग्न पुढच्या हिवाळ्यावर गेलं आहे. माझा पाय बरा आहे असं तुला फोनवर सांगितलं होतं, तूर्त तेच धरून चाल.

पत्र बघून दचकला असशील. आपल्या घरात पत्रं वाटणारा एकच होता आणि तो गेला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पण फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. नको तो विषय निघाला की तुला लगेच ऐकू येईनासं होतं आणि तू "नंतर करतो" म्हणून ठेवून देतोस. पत्र ठेवून देता येत नाही. टाकलंस तरी ते घरात कुठंतरी पडून राहील आणि वहिनी वाचेल.

तर मुद्द्याचं.

धुलाईघरात मला काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. नोव्हेंबरात मी चादरींच्या रोलरवर होते. चादर एका बाजूनं आत सरकवायची, पलीकडून माझी जोडीदारीण घडी घालून घेते. रोलरच्या खालून वाफेचा पाइप जातो. त्यावरचं आवरण वर्षभरापूर्वी गळून पडलं, कोणी परत लावलं नाही. त्या दिवशी एका हॉटेलचे ढीगभर कपडे तुंबले होते. मी डावा पाय नेहमीसारखा पुढे टेकवून कामाला लागले. अर्ध्या तासानं जोडीदारीण ओरडली, "अगं, रबर जळतंय कुठंतरी!" आम्ही दोघी रोलरच्या खाली वाकून पट्टा बघतोय, मोटर बघतोय. शेवटी तिचं लक्ष माझ्या बुटाकडे गेलं. बुटाचा तळ पाइपाला चिकटून वितळला होता. आतली कातडी मोज्यासकट निघून आली.

आणि मला काहीही झालं नाही, दादा. मी हसले. सगळ्या बायका तोंडाला हात लावून उभ्या, आणि मी फुशारकीनं सांगतेय, "आमच्या घरात पाय दगडाचेच असतात. आमचे अण्णा पायात खिळा घेऊन दिवसभर टपाल वाटत फिरले होते!"

तुला तो किस्सा पाठ आहे. तूच सांगायचास. बुटाच्या तळातून दोन इंची खिळा आत गेला, अण्णा तीन गल्ल्या, दोन चाळी आणि टेकडीवरची शाळा करून आले, घरी येऊन बूट काढला तेव्हा आईला रक्त दिसलं. "माणूस असावा तर असा, हू का चू केलं नाही!" तुझ्या लग्नात तू हे माईकवर सांगितलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा खुर्चीत बसून होते, पँटची एक नळी दुमडून पिन लावलेली, आणि लाजून हसत होते.

हाच किस्सा मी इस्पितळात सांगितला. तिथं एक फॉर्मवाली डॉक्टरीण आहे. मधुमेहात काहींचे पाय सडतात आणि काहींचे नाही, ते असं का, रक्तातून काही वारशानं येतं का, याचा अभ्यास करणारी. वयानं आपल्या लेकीएवढी. घराण्याची माहिती लिहून घेत होती. मी खिळ्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि टाळ्यांची वाट बघत बसले.

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काकू, दोन इंची खिळा पायात जातो आणि माणूस दिवसभर चालतो. हे शौर्य नाही हो. त्यांना कळलंच नव्हतं. त्यांच्या नसा बधिर झाल्या होत्या."

मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! उठून जावंसं वाटलं. माझ्या बापाच्या शौर्याला ही कालची पोरगी बधिरपणा म्हणतेय!

पण ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. आजोबांच्या पायाची दोन बोटं "गारठ्यानं" गेली. आत्याचा अंगठा "दाराच्या फटीत सापडून" गेला. ती कागदावर पुरुषासाठी चौकोन काढायची, बाईसाठी वर्तुळ, आणि ज्याच्या पायाला काही झालं तो आकार काळा करायची. आजोबा काळे, अण्णा काळे, आत्या काळी. मग मी. मग तिनं माझ्या शेजारी एक चौकोन काढला आणि विचारलं, "आणि भाऊ?"

मी म्हटलं, "दादा ठणठणीत आहे. अठ्ठावन्न वर्षांचा आहे पण कसलं म्हणून दुखणं नाही. अनवाणी घरातसुद्धा चालत नाही. मोजे नेहमी पांढरे, रोज बदललेले. आणि संध्याकाळी न चुकता आरसा घेऊन तळपायांची..."

तिथं माझं वाक्य अडकलं.

आम्ही तुला "नबाब" म्हणायचो, आठवतं? आरशात चेहरा सगळेच बघतात, तू तळपाय बघायचास. वहिनी बोटांच्या बेचक्या टॉवेलनं टिपायची. आम्ही हसून लोळायचो आणि तू आपला मोजे चढवायचास. पांढरे मोजे. डॉक्टरणीनं मला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं की मोजे पांढरे घाला, म्हणजे रक्त आलं तर लगेच दिसतं.

दादा, तुला कोणी सांगितलं होतं?

मी आत्याकडे गेले. ब्याऐंशीची झाली तरी तिची जीभ काही थकलेली नाही, पण आधी ती नुसत्या वाती वळत राहिली. मी म्हटलं, "आत्या, खरं सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही." मग बोलली. "त्या दिवशी मीही होते इस्पितळात. अण्णाचा पाय काढला आणि मोठ्या डॉक्टरांनी तुझ्या दादाला बाजूला घेतलं. म्हणाले, हे खिळ्याचं नाही, साखरेचं आहे, आणि तुमच्या घराण्यात पायांना जास्तच नडतंय असं दिसतं. दोन्ही मुलांची दरवर्षी साखर तपासा, पाय तपासा. तुझ्या आईनं तिथंच त्याचा हात धरला. तुझी लग्नाची बोलणी चालली होती ना. म्हणाली, खिळा म्हणजे खिळा, बाहेर दुसरं काही जाता कामा नये."

"मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस," आत्या म्हणाली. तेही खरंच आहे म्हणा.

मी एकवीस वर्षांची होते, तू सव्वीसचा. आईला शब्द दिलास, समजू शकते. पण आई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर तू शब्द कोणासाठी पाळत होतास?

आणि याहून मोठी गोष्ट, जिच्यानं माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. पाच वर्षांपूर्वी मला साखर निघाली तेव्हा पहिला फोन मी तुला केला होता. ह्यांच्याही आधी तुला. तू क्षणभर थांबलास. मला वाटलं, काळजीनं थांबला. मग म्हणालास, "हल्ली सगळ्यांनाच असते गं. गोळ्या घे, गोड कमी कर." एवढंच. "पाय बघत जा" हे तीन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. तेव्हा कुठं माझं लग्न व्हायचं होतं?

मी वहिनीला फोन केला होता. तिच्यावर चिडू नकोस, तिला खोटं बोलता येत नाही आणि मी वकिलासारखी विचारत होते. तुला साखर चोवीस वर्षांपासून आहे, हे तिच्याकडून कळलं. मुलांना सांगितलंय की त्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत.

फॉर्मवाल्या डॉक्टरणीला तुझं रक्त हवं आहे. एकाच आईबापाची दोन मुलं, दोघांना साखर, एकाचे पाय शाबूत. तिच्या दृष्टीनं तू फार मोलाचा आहेस. माझ्या दृष्टीनं तू सध्या काय आहेस ते लिहीत नाही, कागद लेकीच्या कार्यालयातला आहे.

मला उत्तर हवं आहे. लेखी.

तुझी बहीण


२१ मार्च, शनिवार

दादा,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून शाळेतल्यासारखं आहे, मजकूरही.

तू लिहितोस, "झालं गेलं होऊन गेलं, जुनी मढी उकरू नकोस." जुनी कुठली रे? हे मढं ताजं आहे. आणि फोनवर पाय बरा असल्याचं सांगितलं ते खोटं नव्हतं. उजवा बरा आहे. डाव्याचं तू विचारलंच नाहीस. डावा चौदा जानेवारीला गुडघ्याखालून काढला.

ह्यांना आणि लेकीला मीच बजावलं होतं की तुला कळवायचं नाही. का, ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं. आता येतं. तुला कळलं की तू येशील, पलंगाशेजारी बसशील, सफरचंद कापशील, आणि मला तुझ्यासमोर अण्णांसारखं लाजून हसावं लागेल. मला ते जमलं नसतं.

तू लिहितोस, "तुझं लग्न मोडलं असतं. आईनं जे केलं ते तुझ्या भल्यासाठी." हे वाक्य मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते दुकानातून नुकतेच आले होते, डोळ्यावरचं भिंग अजून कपाळावर होतं. तुला माहीत आहे ते दिवसभरात बारा शब्द बोलतात. त्यांनी पत्र हातात घेतलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "मी काय पळून गेलो असतो? मी रोज तुझे पाय बघितले असते." मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

बत्तीस वर्षं, दादा. ज्याच्यापासून लपवलं तो माणूस रोज लोकांच्या घड्याळातला केसाएवढा काटा शोधून काढतो. त्याला माझ्या टाचेवरची भेग दिसली नसती? आता तो रोज संध्याकाळी खिडकीपाशी स्टूल घेतो, माझा उरलेला पाय मांडीवर घेतो आणि भिंग लावून बोटंन्‌बोट बघतो. मी म्हणते, "किती वाजले?" ते म्हणतात, "बरोबर चाललंय."

तू असंही लिहितोस की हे रक्तातच असेल तर सांगून तरी काय झालं असतं, जे व्हायचं ते होतंच. हे वाचून मात्र मी कुबडी भिंतीवर आपटली. हेच शब्द मी आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते. आमचा मॅनेजर इस्पितळात भेटायला आला होता. माझ्या उशाशी त्या अभ्यासाचा कागद पडला होता, तो त्यानं उचलून वाचला. चेहरा असा खुलला की जणू त्याचीच सुटका झाली. म्हणाला, "म्हणजे तुमच्या घराण्यातच आहे म्हणायचं. मग पाइपाचा तसा संबंध नाही." मी म्हटलं, "रक्तात असेल ते असेल, साहेब. पाइप तुमच्या भिंतीत आहे."

फॉर्मवाली डॉक्टरीण तेवढ्यात दारात आली होती, तिनं ऐकलं. एवढीशी पोर, पण त्याला असं खडसावलं! "जनुकांनी कोणाचा बूट वितळत नाही. आणि आमचा कागद पांघरून घ्यायला नाही." मग माझ्या शेजारी बसून तिनं मला नीट समजावलं, तेच तुला सांगते, कारण तुला समजून घ्यायचं नसलं तरी वाचावं लागेल. हे कुठल्या एका जनुकाचं काम नाही. काहींमुळे नसा लवकर बधिर होत असाव्यात, काहींमुळे जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटायला उशीर लागत असावा, काहींमुळे जंतूंशी लढाई कमी पडत असावी. प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. कोणाचा किती, हे तिलाही अजून पक्कं माहीत नाही. मी विचारलं, "रक्त तपासून माझा दुसरा पाय राहील का सांगता येईल?" म्हणाली, "आज तरी कोणालाच सांगता येणार नाही. पण तुमच्या घरात चौघांचे पाय दुखावलेत हे कळायला रक्त तपासावं लागत नाही, काकू. त्याला फक्त कोणीतरी तोंड उघडावं लागतं."

त्यावर तुझं काय म्हणणं आहे? वारशात धोका आला, मान्य. पण त्याच धोक्यावर तू चोवीस वर्षं उभा आहेस, दोन्ही पायांवर. का? तुला माहीत होतं म्हणून. तुझ्याकडे आरसा होता आणि माझ्याकडे किस्सा होता.

आता माझं सांगते. न सांगता पत्र बंद करणार होते, पण मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला.

भाजलं त्या दिवशी मी इस्पितळात गेले नाही. मलम लावलं, फडकं गुंडाळलं. चौथ्या दिवशी वास यायला लागला. दुखत नव्हतं, त्यामुळे भीती वाटत नव्हती. पण पुढच्याच पंधरवड्यात लेकीच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांचं येणं ठरलं होतं. माझ्या मनात आलं, मुलीची आई लंगडताना दिसायला नको. सडका पाय तर नकोच नको. मी दोन मोजे चढवले, मधे पावडर भरली, वर अत्तर मारलं. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं, दादा. आई तर कधीच गेलेली. माझं मीच केलं. असे तीन आठवडे काढले. पाहुणे आले, जेवले, हसून गेले. मी दारापर्यंत त्यांना सोडायला गेले, ताठ चालत.

त्या दुपारी मी झोपले असताना लेकीनं माझा मोजा काढला. ती किंचाळली त्यानं मी जागी झाले. ती म्हणाली, "आई, माझं लग्न तुझ्या पायापेक्षा मोठं आहे असं मी कधी म्हटलं होतं?"

त्याच संध्याकाळी तिनं मला इस्पितळात नेलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या आठवड्यात आला असतात तर बहुतेक दोन बोटांवर भागलं असतं.

म्हणजे पाइपानं भाजलं, रक्तानं जखम भरू दिली नाही, तू मला सांगितलं नाहीस, हे सगळं खरं. पण ते तीन आठवडे माझे आहेत. ते मी कोणाच्याही माथी मारू शकत नाही. रात्रंदिवस तुझ्यावर चिडून बघितलं, तरी ते तिथंच उरतात.

लेकीनं त्याच आठवड्यात फोन करून त्या लोकांना सगळं सांगितलं. आमच्याकडे मधुमेह आहे, पायांना जपावं लागतं, मलाही होऊ शकतो. मी पडद्याआड जीव मुठीत धरून ऐकत होते. पलीकडून मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडे दम्याची खोड आहे गं, तीही आत्ताच लिहून घे." एवढंच! या एवढ्याशा वाक्यासाठी आपल्या घरानं बत्तीस वर्षं दातखीळ बसवून घेतली होती.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. ती तू बारीक अक्षरात लिहिली आहेस. "थोरला बस चालवतो. साखर निघाली तर त्याला गाडीवरून उतरवतील. म्हणून मुलांना सांगत नाही."

तेव्हा माझं लग्न होतं, आता त्याची नोकरी आहे. उद्या नातवाची शाळा असेल. आपल्या घराण्यात खरं बोलायला मुहूर्तच सापडत नाही.

पण एकदा डोळे मिटून बघ. मला माझा पाय जळत होता ते अर्धा तास कळलं नाही. तुझ्या मुलाच्या पायाखाली ब्रेक असतो. मागे साठ माणसं बसलेली असतात. त्याला गाडीवरून उतरवतील याची तुला भीती वाटते. उतरवलं नाही तर, याची वाटत नाही?

दर गुरुवारी सकाळी दहाला पायांची ओपीडी असते. मी तिथं असते. तुला एप्रिलचा दुसरा गुरुवार देते. त्या दिवशी तू आणि थोरला आला नाहीत, तर तिसऱ्या गुरुवारी मी बस डेपोत जाईन. एका पायावर जाईन आणि ड्रायव्हर लोकांसमोर त्याला बूट काढायला लावीन. मला ओळखतोस.

बहीण


१९ एप्रिल, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. दहा दिवस झाले, तुझा फोन नाही. मीही केला नाही. थोरला तुझ्याशी बोलत नाही असं वहिनीनं सांगितलं. तो माझ्याशी मात्र रोज बोलतो, म्हणून त्याची खबर तुला मीच कळवते.

त्याची साखर सीमेवर आहे. मधुमेह अजून झालेला नाही. गोळ्यासुद्धा दिलेल्या नाहीत. खाणं, चालणं आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, एवढंच सांगितलंय. पाय उत्तम. डेपोच्या डॉक्टरांना त्यानं स्वतःहून कागद नेऊन दाखवला. त्यांनी नोंद करून घेतली आणि गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. कोणी त्याला उतरवलं नाही. धाकटाही या गुरुवारी येतोय.

आता त्या दिवसाबद्दल.

तुम्ही दोघं ओपीडीच्या दारात आलात तेव्हा मी ठरवूनच आले होते की तोंडाचा पट्टा सोडायचा. आठवडाभर मनात वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. तू माझ्या पायाकडे, म्हणजे जिथं पाय असायला हवा तिथं, बघितलंस आणि लगेच भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागलास. मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरणीनं तुला विचारलं, "काका, मुलांना सांगितलंय ना?" आणि तू म्हणालास, "हो हो."

दादा! माझ्यासमोर, त्या मुलासमोर! थोरला विचारतोय, "काय सांगितलंय?" आणि तू आपला बुटाची नाडी सोडत खाली बघतोयस. मला वाटलं, याला इथंच कुबडीनं हाणावं.

मग तू मोजा काढलास.

तुझा डावा तळवा मी पहिल्यांदा बघितला. टाचेपासून मधल्या उंचवट्यापर्यंत कातडी ओढून शिवल्यासारखा तो पांढरा वण. डॉक्टरणीनं बोट ठेवून विचारलं, "ही जखम कधीची?" तू म्हणालास, "सोळा वर्षं झाली. साडेचार महिने भरत नव्हती."

साडेचार महिने. मी मनात हिशोब लावला. ते वर्ष म्हणजे तू लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमाला आला नाहीस ते. "कामात आहे" म्हणालास आणि मी तुझ्याशी सहा महिने अबोला धरला. तू खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होतास, वहिनी रोज पट्टी बदलत होती, मुलांना वाटत होतं बाबांची पाठ धरली आहे. तू तेव्हा अण्णांचाच विचार करत असणार. पाय राहील की जाईल याचा. आणि वहिनीखेरीज एका माणसालाही सांगितलं नाहीस.

मी तुझ्यावर भडकून आले होते की तू स्वतःला वाचवलंस आणि मला नाही. तो राग आहेच. पण त्या स्टुलावर तुझा पाय बघितल्यावर दुसरा एक राग आला, तो त्याहून मोठा आहे आणि तो कोणावर काढावा कळत नाही. कारण तू त्या भीतीत एकटा बसला होतास आणि मी चार तासांच्या अंतरावर बसून तुला नबाब म्हणत होते.

तुझ्या साखरेचं कळल्यावर थोरला ओरडला ते योग्यच झालं. "मी रोज साठ माणसं घेऊन फिरतो, बाबा!" सगळी ओपीडी वळून बघायला लागली.  मग डॉक्टरणीनं तो बारीक नायलॉनचा धागा काढला, थोरल्याला डोळे मिटायला सांगितलं आणि एकेका जागी टेकवायला लागली. "कळलं तर हो म्हण." तो म्हणत होता, "हो. हो. हो." मी तुझ्याकडे बघितलं. प्रत्येक "हो"ला तुझे ओठ हलत होते. दहाव्याला तू दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंस.

अण्णांच्या वेळी जर कोणी तो धागा टेकवला असता, तर आपल्याला तो किस्सा कधी सांगावाच लागला नसता.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते खरं नाही आणि खोटं आता आपल्याला परवडत नाही. माझ्या गुडघ्याखाली रोज सकाळी तो पाय खाजतो, जो नाही. तेव्हा मला तुझी आठवण येते आणि ती चांगली नसते. पुढच्या महिन्यात नवा पाय बसवणार आहेत. धुलाईघरात मला बसून रफूचं काम देणार आहेत आणि पाइपावर आवरण चढलं आहे. मी जाऊन हात लावून बघून आले. मॅनेजर म्हणाला, "विश्वास नाही वाटतं?" मी म्हटलं, "नाही."

पण थोरल्याशी तू बोल. तो फोन करणार नाही, तुझाच मुलगा आहे. त्याला खिळ्याची गोष्ट सांग. पहिल्यापासून, खरी. डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काय सांगितलं, आईनं हात कसा धरला, तू सव्वीस वर्षांचा होतास आणि किती घाबरला होतास, सगळं. तो ऐकेल. मी त्याला सांगितलंय की बाप येईल बोलायला, तेव्हा दार लावून घेऊ नकोस.

आणि मग इकडे ये. सफरचंद आणू नकोस. संध्याकाळी ये, उजेड असताना. ह्यांनी तुझ्यासाठीही खिडकीपाशी स्टूल ठेवलंय.

आपल्या दोघांत मिळून तीन पाय उरले आहेत, दादा. ते आता कोणापासूनही झाकायचे नाहीत.

रागावलेली, बहुतेक कायमची रागावलेली, आणि तुझी वाट बघणारी,

तुझी धाकटी बहीण